बंद फ्लॅटचे वारस शोधायचे आहेत, कुठलं सरकारी दप्तर उघडू?

सुलभा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. १९७९ ची इमारत, तळ अधिक तीन, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. सचिवपद सध्या माझ्या गळ्यात आहे, कारण सभेत सगळ्यांनी एकदम छताकडे बघितलं आणि मी बघितलं नाही. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. पंधरा घरांची भांडणं आपापसात मिटतील. अडलाय तो सात नंबर.

सात नंबरचे आजोबा गोदीत नोकरीला होते. ते करोनाच्या आधीच वारले, मुंबईत कुठल्याशा इस्पितळात, एवढंच समोरच्या काकूंना आठवतं. आजी मग मुलीकडे गेल्या आणि त्याही गेल्याचं कानावर आलं. तेव्हापासून दाराला कुलूप आहे. मुलगा परदेशात, कुणी दुबई म्हणतं, कुणी न्यूझीलंड. मुलीचं सासर पुणे की नाशिक यावर जिन्यात दोन तट आहेत, आणि सासरचं आडनाव एकाही तटाला माहीत नाही. आमच्या फाइलमध्ये ०२५१ चा एक लँडलाइन नंबर आहे, तो कधीच बंद पडलाय. नॉमिनेशनचा फॉर्म फाइलला लावलेला आहे, पण कोरा.

मेंटेनन्स थकलाय. गंमत अशी की महापालिकेच्या साइटवर त्यांचा मालमत्ता कर भरलेला दिसतो. म्हणजे कुणीतरी जिवंत आहे आणि घर आपलं आहे हे त्याला ठाऊकही आहे.

कमिटीतल्या एका उत्साही मंडळींनी 'कुलूप तोडून ताबा घेऊ' असं सुचवलं. मी म्हटलं, माझी सही घेऊन मी घरी जाते, मग काय ते तोडा. बिल्डरचे वकील म्हणतात खासगी गुप्तहेर लावा, फी सोसायटीने द्यावी. माझं म्हणणं, एवढी सरकारी दप्तरं आहेत, त्यात माणूस सापडत नाही असं होईल का? माझ्यासारख्या सामान्य बाईला कायद्याने कुठले कागद बघता येतात? सुरुवात कुठून करू?

---

पम्या_ठाकुर्ली

मतदार यादी बघा ना ताई. १४३ डोंबिवली, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर भागवार पीडीएफ असते, फुकट. तुमच्या इमारतीचा भाग क्रमांक शोधला की घरातली सगळी नावं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, सगळं एका पानावर मिळतं. फेसबुकवर पण टाका मुलाचं नाव.

---

सुलभा_डोंबिवली

पम्या, यादी बघितली. आजोबा अजून मतदार आहेत! मुलगा नाही, मुलगी नाही. फेसबुकवर त्या नावाचे इतके जण निघाले की मी कॉम्प्युटर बंद केला.

---

दप्तरी_कल्याण

सुलभाताई, मी वकिलांसाठी 'सर्च' घ्यायचं काम केलं, हयातभर. कल्याणच्या दुय्यम निबंधकाकडे बाकावर बसून इंडेक्सच्या वह्या उलटल्या, डोळ्यांचा नंबर तिथेच वाढला. आता घरी असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे माणूस नावाने शोधू नका, जागेने शोधा. आपल्याकडचं प्रत्येक दप्तर हे जागेचं आहे. मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, मरतो तिथे होते. जमिनीची नोंद वॉर्डात नसते, मौज्यात, म्हणजे महसुली गावात असते. वारसांची नोंद शहरातल्या फ्लॅटला बहुतेक कधीच लागत नाही, गावच्या जमिनीला लागते. हे ज्याला कळलं त्याचे निम्मे खेटे वाचतात.

सुरुवात घरातून करा. सोसायटीचं आय रजिस्टर काढा. जे नव्हे, आय. जे म्हणजे नुसती सभासदांची यादी. आय रजिस्टरमध्ये प्रत्येक सभासदाला एक पान असतं: वय, धंदा, पत्ता, वारसदार, शेअर कधी दिले, कुणाकडून आले. १९७९-८० चे पहिले सचिव असली पानं मन लावून भरायचे. 'पत्ता' या रकान्यात त्यांनी डोंबिवलीला येण्याआधीची चाळ किंवा गाव लिहिलेलं असायची शक्यता मोठी, कारण इमारत बांधून व्हायच्या आत सभासद झालेल्या माणसाला दुसरा पत्ता कुठून असणार? शिवाय आजोबांचा मूळ सभासदत्वाचा अर्ज बघा. तो पिवळ्या फाइलमध्ये खाली दबलेला असतो, वर ऑडिटरची पत्रं असतात.

आता इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सूचीतला उतारा. सगळे तिकडेच धावतात, म्हणून सांगतो. नोंदणी विभागाच्या साइटवर मोफत शोध आहे, पण त्यात नाव टाकून चालत नाही. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकावा लागतो, आणि एकेक वर्ष वेगळं. 'गाव' म्हणजे तुमच्या पत्त्यातलं नगर किंवा पथ नव्हे. डोंबिवली पूर्वेची कितीतरी जमीन दप्तरी मौजे गजबंधन पाथर्ली, आयरे, चोळे, ठाकुर्ली अशा नावांवर आहे. तुमचा मौजा आणि सर्व्हे नंबर बिल्डरच्या मूळ करारनाम्यात किंवा बिनशेतीच्या आदेशात सापडेल. मुंबईबाहेरचं ऑनलाइन साधारण २००२ पासूनचं आहे. १९७९ च्या कराराला तिथे शोधू नका. खरं सांगायचं तर त्या काळातले निम्मे करार स्टँप पेपरवर होऊन कपाटात गेले, नोंदणीला गेलेच नाहीत. पण एक फायदा आहे: २००२ नंतर सात नंबरवर विक्री, बक्षीसपत्र, गहाण, हक्कसोड असं काही नोंदलं गेलं असेल तर दिसेल. 'कलन' या अक्षरांनी सुरू होणारा दस्त क्रमांक आला की समजा कल्याणचा दस्त आहे. तो मिळाला की खालची दोन्ही बाजूंची नावं, वयं, पत्ते तुमच्यासमोर. मुलीने भावाला हक्कसोड दिलेलं असेल तर तिचं सासरचं नाव तिथेच छापलेलं मिळेल.

हे बघायचा हक्क कुणालाही आहे. नोंदणी कायदा १९०८, कलम ५७. पुस्तक क्रमांक १ म्हणजे स्थावर मिळकतीचे दस्त, ते आणि त्याची सूची सर्वांना खुली. पुस्तक ४ खुलं नाही, तिथे मुखत्यारपत्रासारखे कागद असतात, ते फक्त पक्षकारांना. आणि पुस्तक ३ मृत्युपत्रांचं. यातली मेख वकीलसुद्धा विसरतात: करणारा जिवंत असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, पण तो वारल्यानंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते. आजोबा नोकरदार, व्यवस्थित; मृत्युपत्र नोंदवलेलं असेलही. त्यासाठी मृत्यूचा दाखला हातात हवा.

म्हणून खरा पहिला कागद तोच. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १७: कुणीही शोध मागू शकतो आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा घेऊ शकतो. मृत्यूचं कारण उताऱ्यात येत नाही, आणि ते तुम्हाला नकोच आहे. खिडकीवर 'तुम्ही कोण लागता' हा प्रश्न येणारच. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, सचिवाची सही-शिक्का, सभासदत्वाच्या नोंदीची प्रत आणि कलमाचा उल्लेख. आवाज चढवायचा नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेत मात्र शोधू नका. इस्पितळ कुठलं होतं? केईएम असेल तर परळ, म्हणजे बृहन्मुंबई महापालिकेचा एफ दक्षिण विभाग. समोरच्या काकूंना पुन्हा विचारा. 'कुठलं इस्पितळ' आठवत नसेल तर 'भेटायला कुठल्या स्टेशनला उतरला होतात' असं विचारा. बायकांना स्टेशन आठवतं.

दाखला का हवा? त्यावर मृत्यूसमयीचा पत्ता असतो आणि त्याखाली कायमचा पत्ता असतो. तो कायमचा पत्ता म्हणजे गाव. गाव कळलं की पुन्हा लिहा, पुढचं सांगतो.

---

भाडेकरू_२०१

मध्येच विचारतो, माफ करा. मी पलाव्याजवळ फ्लॅट भाड्याने बघतोय. जो माणूस किल्ली घेऊन येतो तोच मालक आहे हे असंच तपासता येईल का?

दप्तरी_कल्याण

येईल. त्याच्याकडून खरेदीच्या इंडेक्स टूची प्रत मागा आणि त्यावरचा दस्त क्रमांक, वर्ष, कार्यालय टाकून साइटवर पडताळा. त्यानंतरच्या वर्षांतही शोध घ्या, मध्ये विकलेला असू शकतो. प्रत द्यायला कां कूं केलं तर दुसरा फ्लॅट बघा, तिकडे फ्लॅटांना काय तोटा आहे?

---

निशिगंधा

दप्तरी काका, तुमचं ज्ञान दांडगं आहे, पण मला थोडं थांबवायचंय.

माझे वडील गेले तेव्हा तेरावं व्हायच्या आत एका एजंटचा फोन आला. त्याला आमच्या घराचा दस्त क्रमांक, किंमत, आईचं वय, सगळं माहीत होतं. 'ताई, आई एकट्या राहणार का आता?' असं विचारलं त्याने. हे सगळं त्याने खुल्या दप्तरातूनच काढलं होतं, बेकायदा काहीही केलं नव्हतं. त्या दिवसापासून आईने फोन उचलणं सोडलं.

सुलभाताईंचा हेतू चांगला आहे, हे दिसतंच. पण दाखला, सातबारा, मुलीचं सासरचं नाव हे सगळं गोळा झालं की ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार. तिथून बिल्डरच्या माणसाकडे. तिथून एखाद्या खरेदीदाराकडे, जो त्या मुलीला गाठून अर्ध्या किमतीत हक्कसोड लिहून घेईल. बंद फ्लॅट आणि पुनर्विकास एवढं ऐकलं की असली माणसं वासावरच येतात. तुम्हाला फक्त संपर्क हवाय ना? मग संपर्कापुरतंच शोधा.

आणि हो, माहिती अधिकारात महापालिकेला 'कर कोण भरतो, त्याचा मोबाइल द्या' असा अर्ज करू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी आवळलंय.

---

दप्तरी_कल्याण

निशिगंधाताई, पटलं. आमच्या बाकावरसुद्धा असले लोक बसायचे. आम्ही त्यांना ओळखायचो: ते कधी विशिष्ट सर्व्हे नंबर मागायचे नाहीत, अख्खी वही मागायचे.

सुलभाताई, कागद तुमच्याकडे आणि अध्यक्षांकडे राहू द्या. ठरावात 'वारसांचा शोध घेण्यास सचिवांना अधिकार' एवढंच लिहा, नावं इतिवृत्तात नकोत. बिल्डरच्या वकिलाला प्रत द्यायची नाही. मागितलीच तर म्हणा, वारस स्वतः आले की त्यांच्याकडून घ्या.

कराबाबत एक करता येईल. महापालिकेच्या कर विभागाला सोसायटीतर्फे बंद पाकीट द्या आणि 'या मिळकतीच्या करदात्याला पोहोचवावं' अशी विनंती करा. बंधन नाही त्यांच्यावर. एखादा कारकून करतो, एखादा नाही करत.

---

सुलभा_डोंबिवली

अपडेट. काकूंना स्टेशन आठवलं! परळला उतरल्या होत्या आणि 'पूल फार चढावा लागला' हेही आठवलं. खिडकीवर 'तुम्ही कोण' झालंच. मी कलम १७ म्हटलं. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, आत जाऊन आल्या आणि अर्ज घेतला. उतारा मिळाला. कायमचा पत्ता: गुहागर तालुका, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव इथे लिहीत नाही, निशिगंधा ओरडेल.

आय रजिस्टरही सापडलं, माळ्यावर, झुरळांच्या औषधाच्या खोक्याखाली. आधीचा पत्ता लालबागची चाळ, आणि 'वारसदार' रकान्यात आजींचं नाव. म्हणजे त्याचा आता उपयोग नाही. इंडेक्स टूमध्ये सात नंबरचं काहीच आलं नाही.

आता गावाचं काय करू? मी कधी गुहागरला गेलेली नाही.

---

दप्तरी_कल्याण

जायला नको अजून. भूमिअभिलेखाच्या साइटवर कोकण विभाग, रत्नागिरी, गुहागर, मग गाव निवडा. इथे मात्र आडनावाने शोधता येतं. मोबाइल नंबर टाकावा लागतो, आपला टाका. कोकणातल्या सातबाऱ्यावर पाच गुंठ्यांना चाळीस नावं असतात, चुलत-चुलत सगळे सामाईक, तेव्हा घाबरू नका. आजोबांचं पूर्ण नाव शोधा. ते अजून तसंच असेल तर वारस नोंद झालेली नाही. कंसात गेलेलं असेल आणि नवी नावं लागलेली असतील तर बाजूला फेरफार क्रमांक दिसेल. तो फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना सहा. त्यात 'खातेदार अमुक तारखेस मयत, वारस खालीलप्रमाणे' असं लिहून प्रत्येकाचं नातं दिलेलं असतं. ऑनलाइन नसेल तर तलाठ्याकडे अर्ज. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.

फ्लॅटला वारस लावायला लोक विसरतात, गावच्या जमिनीला विसरत नाहीत. चुलते विसरू देत नाहीत.

दुसरीकडे ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी साइटवर, कल्याणच्या दिवाणी न्यायालयात पक्षकाराच्या नावाने शोध घ्या, आजोबांचं आडनाव आणि मृत्यूनंतरचं एकेक वर्ष. वारस दाखल्याचा किरकोळ अर्ज केला असेल तर अर्जदाराचं आणि वकिलाचं नाव येईल. वकील सापडला की काम झालं. तो अशिलाला निरोप देतो, तुम्हाला पत्ता न देता. निशिगंधाताईही खूश.

---

सुलभा_डोंबिवली

कोर्टात काही नाही. पण फेरफार मिळाला! आजी, मुलगा, मुलगी. मुलीचं सासरचं नाव आहे. पत्ता तिघांचाही 'मुंबई', एवढाच. मुंबईत कुठे बघू मी?

---

पम्या_ठाकुर्ली

ताई, आमचं गाव पण गुहागरातच. गावाचं मुंबई मंडळ असणारच की. लालबाग-परळमध्ये खोली असते नाहीतर कुणाच्या तरी घरी बैठक. आजोबा लालबागला होते म्हणजे मंडळाचे सभासद असणारच, वर्गणीची पावती फाटल्याशिवाय राहते का? ग्रामपंचायतीच्या सरपंचांकडून मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर मिळेल. त्यांच्याकडे मुलीचा नंबर नसला तर मी हे नाव बदलीन.

---

दप्तरी_कल्याण

पम्याने माझ्यापेक्षा जवळचा रस्ता सांगितला. असंच करा, पण मंडळाला नंबर मागू नका. निरोप आणि बंद पत्र द्या, ते पोहोचवतील. पत्राची दुसरी प्रत गावच्या घराच्या पत्त्यावर मुलगा-मुलगी दोघांच्या नावे पाठवा. रजिस्टर एडी म्हणायची सवय आहे आपल्याला, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टानेच पाठवून पोचपावती मागा आणि फाइलला लावा.

पत्र अर्ध्या पानाचं. वडील-आईंबद्दल दोन ओळी, इमारतीचा पुनर्विकास ठरतोय, सभासदत्व वारसांच्या नावे करायचं आहे, या नंबरवर फोन करा. घाईची भाषा नको, 'अन्यथा' हा शब्द नको.

यातून काही हाती लागलं नाही तरच सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (म्हणजे नियमावलीप्रमाणे) जाहीर नोटीस: फलकावर आणि किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत. खरं तर नॉमिनेशन नसलेला सभासद वारल्याचं कळल्यावर महिन्याभरात ती द्यायची असते, आधीच्या कमिटीने दिली होती का ते इतिवृत्तात बघा. दिली असेल तर तिच्यावर हरकत आली होती का, कुणाची, कुठल्या पत्त्यावरून, हेही त्याच फाइलला असेल. आणि सभेच्या मतदानासाठी सात नंबरवाचून अडत नाही, राज्य सरकारच्या पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. वारस लागतील ते पर्यायी जागेच्या करारावर सहीला. तेव्हा बिल्डरने घाई केली तरी तुम्ही करू नका.

थकबाकीचा आकडा पहिल्या पत्रात घालू नका. तो वाचला की लोक फोन करत नाहीत, वकील करतात.

---

सुलभा_डोंबिवली

आकडा खजिनदारांनी मसुद्यात ठळक अक्षरांत घातलाच होता, व्याजासकट. काढायला लावते. पम्या, तुझ्या गावच्या मंडळाला आजोबांच्या गावचं मंडळ ओळखत असेल का? मला व्यक्तिगत निरोपात नंबर कळव, इथे नको.

---

पम्या_ठाकुर्ली

ओळखतात म्हणजे काय, दरवर्षी क्रिकेटमध्ये हरवतात आम्हाला. पाठवतो.